वशिला, वेबकॅम आणि बारा गाणी

नव्या गायिकेवर करायला सगळ्यात सोपा आरोप कुठला, तर 'हिला वरून कुणीतरी आणून बसवलंय'. तो सिद्ध करावा लागत नाही आणि जिच्यावर होतो तिला तो कधी पुरता पुसता येत नाही. अमेरिकेतले इंडी, म्हणजे मोठ्या कंपन्यांबाहेरच्या, संगीताचे चाहते अशा कलाकाराला 'इंडस्ट्री प्लांट' म्हणतात. पैसा, लेबल (म्हणजे गाणी बाजारात आणणारी कंपनी), प्रसिद्धी सगळं पडद्यामागे तयार, आणि लोकांपुढे मात्र खोलीत बसून गाणी करणाऱ्या साध्या मुलीचा देखावा, असा त्याचा मतलब. २०१८ साली हा शिक्का क्लेरो या अमेरिकन गायिकेवर बसला. ती तेव्हा १९ वर्षांची होती, नावावर एकही अल्बम नव्हता, आणि जग तिला ओळखत होतं ते लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर काढलेल्या 'प्रिटी गर्ल' या गाण्याच्या व्हिडिओमुळे.

या प्रकरणात वशिला होता. तो नव्हताच असं म्हणणाऱ्यांत मी नाही. पण त्या वशिल्यानं नेमकं काय मिळालं आणि काय मिळालं नाही, हे तारखा लावून पाहिलं तर आरोप करणाऱ्यांचंही पुरतं समाधान होत नाही आणि कैवार घेणाऱ्यांचंही.

क्लेरोचं नाव क्लेअर कॉट्रिल. जन्म १८ ऑगस्ट १९९८ चा, अटलांटातला. वाढली मॅसॅच्युसेट्समध्ये, बॉस्टनपासून फार लांब नसलेल्या कार्लाइल नावाच्या लहान, सुखवस्तू गावात. तेरा वर्षांची असल्यापासून ती दुसऱ्यांची गाणी आपल्या आवाजात रेकॉर्ड करून इंटरनेटवर टाकत होती. गिटार तिथलेच धडे बघून शिकली. मग स्वतःची गाणी, बँडकॅम्प आणि साउंडक्लाउड या गाण्यांच्या साइट्सवर. ऐकणारे मोजकेच. 'एका रात्रीत प्रसिद्ध झालेली मुलगी' ही गोष्ट सांगताना ही चार-पाच वर्षं बहुतेक जण गाळतात. गाळली की गोष्ट चटपटीत होते, हे खरं. मात्र खोलीत एकटीनं गाऊन, स्वतःच ऐकून, पुन्हा गाऊन माइकच्या अगदी जवळ गुणगुणायची जी सवय तिच्या आवाजाला लागली, ती या वर्षांतली आहे.

आता वडील. जेफ कॉट्रिल हे मार्केटिंगमधलं बडं प्रस्थ. कोका-कोलात काम केलेले, नंतर कॉन्व्हर्स या बुटांच्या कंपनीत मार्केटिंगचे प्रमुख. त्याच काळात कॉन्व्हर्सनं ब्रुकलिनमध्ये 'रबर ट्रॅक्स' नावाचा स्टुडिओ काढला होता. नवोदितांनी यावं, फुकट रेकॉर्डिंग करावं, गाण्यांचे हक्क स्वतःकडे ठेवावेत, अशी योजना. बूट विकणाऱ्या कंपनीनं स्टुडिओ चालवायचा म्हणजे संगीतवाल्यांमध्ये उठबस आलीच. तेव्हा मुलीला संगीतक्षेत्राचा काही गंध नव्हता, असं चित्र कुणी रंगवत असेल तर ते खोटं. घरात जेवणाच्या टेबलावर ज्या गोष्टी सहज बोलल्या जात असतील, त्या कळायला दुसऱ्या एखाद्या मुलीला पाच वर्षं आणि दोन फसलेले करार खर्ची घालावे लागतात.

'प्रिटी गर्ल' मात्र त्या स्टुडिओतलं नाही, घरातलंच आहे. ट्रान्सजेंडर लॉ सेंटर या संस्थेच्या मदतीसाठी इंडी गाण्यांचं एक संकलन निघत होतं, त्यासाठी तिनं ते केलं. हाताशी एक जेमतेम कीबोर्ड आणि लॅपटॉप. चाल ऐंशीच्या दशकातल्या पॉपची आठवण करून देणारी, ठेका यांत्रिक, आवाज अर्धवट झोपेतला. विषय असा की एका मुलाला आवडावं म्हणून आपण स्वतःला किती वाकवलं, याचं उशिरा आलेलं भान. व्हिडिओसाठी ती कॅमेऱ्यापुढे बसली, कानात इअरफोन घातले आणि गाण्यावर ओठ हलवत राहिली. केस तेलकट होते, चेहरा बरा नव्हता, उठायचा कंटाळा आला होता, असं तिनंच नंतर सांगितलंय. ४ ऑगस्ट २०१७ ला व्हिडिओ यूट्यूबवर चढला.

त्याचं कौतुक करताना 'किती खरं, किती सहज' असं लिहिलं गेलं. मला ते अर्धवट वाटतं. गाणं म्हणतंय की मी तुझ्यासाठी नटेन, गोंडस दिसेन. आणि पडद्यावरची मुलगी नटलेली नाही, मिश्कीलपणे चेहरे करतेय. शब्द एकीकडे आणि चेहरा दुसरीकडे, या ओढाताणीत त्या तीन मिनिटांची गंमत आहे. चांगल्या कॅमेऱ्यावर, केस नीट बांधून हेच गाणं केलं असतं तर ते ऐकायला तेच राहिलं असतं, पण त्यातला टोमणा गेला असता. हे तिनं ठरवून केलं की आळसात घडलं, याचा काथ्याकूट मला निरर्थक वाटतो. आळसात झालेलं काम जगापुढे ठेवायचं की पुसून टाकायचं, हा निर्णय तरी तिचाच होता.

मग यूट्यूबच्या शिफारशींनी काम हाती घेतलं. २०१२ पासून यूट्यूब नुसत्या क्लिकपेक्षा बघणारा किती वेळ टिकतो याला जास्त वजन देतं. लहान, शेवटपर्यंत पाहिली जाणारी, पुन्हा लावली जाणारी गाणी त्यात वर येतात. शिवाय जुन्या सिंथेसायझरच्या आवाजाचे वेडे फेसबुकवर गट करून होतेच; त्यांनी ते हातोहात फिरवलं. तिनं स्वतःही या दोन गोष्टींनाच श्रेय दिलंय. त्याच वर्षी नॉर्वेतल्या बर्गनमध्ये निकोलास पाब्लो मुन्योस नावाच्या मुलाचं, म्हणजे 'बॉय पाब्लो'चं, 'एव्हरीटाइम' अगदी याच वाटेनं जगभर पोचलं. त्याच्याकडे पुन्हा येऊ.

थोडक्यात, लाखो लोकांनी पाहिलं तेव्हा लेबल नव्हतं, मॅनेजर नव्हता. क्लेअर सिरॅक्यूज विद्यापीठात पहिल्या वर्षाला दाखल होत होती. आरसीए, कॅपिटल, कोलंबिया या बड्या लेबलांनी चौकशी सुरू केली ती यानंतर. या प्रकरणाचा मधला आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग इथून सुरू होतो, आणि त्यात एकही सूर नाही. तो सगळा कागदोपत्री आहे.

मोठ्या लेबलचा करार साधारण कसा असतो ते पाहा. सही केली की कलाकाराला एक रक्कम आगाऊ मिळते. त्या रकमेची बातमी होते, आई-वडिलांना धन्य वाटतं. पण ती उचल असते. रेकॉर्डिंगचा खर्च, प्रोड्युसरचे पैसे, व्हिडिओच्या खर्चाचा मोठा हिस्सा, सगळं त्याच खात्यावर चढत जातं, आणि ते पूर्ण फिटेपर्यंत गाण्यांच्या कमाईतला कलाकाराचा वाटा त्याच्या हाती पडत नाही. तो वाटाही लहान असतो, म्हणजे फेड सावकाश. मुकादमाकडून उचल घेऊन कोयता उचलणाऱ्या आपल्याकडच्या ऊसतोड जोडप्याला हा व्यवहार समजावून सांगावा लागणार नाही. पैसे आधी, फेड हंगामभर, हिशेबाची वही दुसऱ्याच्या हातात. फरक इतकाच की गाणी चालली नाहीत तर गायकाला सहसा घर विकून उचल परत करावी लागत नाही. त्याचं पुढचं काम मात्र अडकून पडतं.

कारण त्याच करारात पर्यायाची कलमं असतात. पहिला अल्बम नक्की, त्यापुढचे तीन-चार-पाच लेबलच्या मर्जीवर. लेबलला नको असेल तर ते कलाकाराला सोडून देऊ शकतं. कलाकाराला नको असेल तर तो लेबलला सोडू शकत नाही. सीडीचा धंदा बसल्यानंतरच्या काळात त्यात आणखी भर पडली. कार्यक्रमांच्या आणि टी-शर्टांच्या विक्रीतही लेबलचा हिस्सा आला. एक व्हिडिओ गाजलेल्या, रंगमंचावर फारसं न गायलेल्या पोरीनं असा कागद पुढ्यात आल्यावर काय करावं? तिचा भाव त्या आठवड्यात सगळ्यात चढलेला असतो आणि नेमकं तेच तिला ठाऊक नसतं.

क्लेअरच्या वडिलांनी जुन्या मित्राला फोन लावला. हा मित्र जॉन कोहेन, 'द फेडर' या संगीतविषयक मासिकाचा सहसंस्थापक. मासिकाचं स्वतःचं छोटं लेबल होतं. सल्ला मागायला गेलेल्या घराला कोहेननं सल्ला दिला आणि करारही दिला, बारा गाण्यांचा. अल्बमांच्या साखळीत बांधून घेणं नाही, मोजून बारा गाणी. शिवाय त्यानं पॅट कॉरकोरनशी गाठ घालून दिली आणि तो तिचा मॅनेजर झाला. कॉरकोरन हा तेव्हा चान्स द रॅपरचा मॅनेजर होता. चान्सनं कुठल्याही लेबलशी न बांधून घेता, फक्त स्ट्रीमिंगवर काढलेल्या 'कलरिंग बुक'ला फेब्रुवारी २०१७ मध्ये सर्वोत्कृष्ट रॅप अल्बमचं ग्रॅमी मिळालं होतं. मोठ्या लेबलांवाचून काय जमतं आणि काय जमत नाही हे स्वतः करून पाहिलेला माणूस, तोही त्या वर्षी, एका फोनच्या अंतरावर!

वशिला म्हणायचा तो इथे आहे, आणि तो लहानसहान नाही. त्यानं तिला श्रोते मिळवून दिले नाहीत, ते आधीच आले होते. त्यानं तिला घाईतून सोडवलं. मोठ्या रकमेकडे पाठ फिरवून लहान कागदावर सही करायची तर मागे घर भक्कम लागतं, कॉलेजची फी बुडाली तरी चालेल अशी परिस्थिती लागते, आणि 'थांब, सही करू नकोस' म्हणणारा जाणता माणूस लागतो. तिच्याकडे तिन्ही होतं. मेहनतीनं यातलं एकही मिळत नाही.

२०१८ च्या मे महिन्यात न्यूयॉर्क टाइम्सनं ही सगळी हकीकत छापली, कोहेनचं नाव आणि बारा गाण्यांच्या करारासकट. लपवाछपवी नव्हती, मुलाखती देऊनच ती बाहेर आली. पण वाचणाऱ्यांनी तिचा क्रम उलटा लावला. आधी बाप, मग मित्र, मग लेबल, मग व्हिडिओ. म्हणजे वेबकॅमसुद्धा नाटक! खऱ्या क्रमात व्हिडिओ सगळ्यात आधी येतो, आणि तेवढ्यानं निम्मा आरोप गळून पडतो. मॅनेजर असणं ही काही कारस्थानाची खूण नव्हे, तुम्ही ऐकता त्या प्रत्येक कलाकाराला तो असतो, अशा अर्थाचं उत्तर तिनं दिलं. बरोबरच आहे. मात्र 'तो मॅनेजर कुठल्या ओळखीनं मिळाला' हा उरलेला निम्मा प्रश्न त्या उत्तरानं सुटत नाही.

आरोपाला एक बाईपणाचा कंगोराही आहे. मुलानं खोलीत एकट्यानं गाणं केलं की 'पठ्ठ्या सगळं स्वतः करतो' म्हणायचं, आणि मुलीनं केलं की मागचा पुरुष शोधायचा. कधी प्रोड्युसर, कधी मित्र, इथे बाप. क्लेरोच्या बाबतीत बाप खरोखरच सापडला, त्यामुळे शोधणाऱ्यांना चेव आला इतकंच.

२५ मे २०१८ ला 'डायरी ००१' आली, सहा गाण्यांची ईपी, म्हणजे अल्बमपेक्षा लहान संच. मला ती आजही गोळाबेरीज वाटते. 'प्रिटी गर्ल' आहे, 'फ्लेमिंग हॉट चीटोज' आहे, आयरिश रॅपर रेजी स्नोबरोबरचं एक गाणं आहे, एकात डॅनी एल हार्लसारख्या चकचकीत पॉपवाल्याचा हात आहे. कुठे जायचं ते ठरलेलं नाही, आणि ते ऐकू येतं. त्यात कमीपणाही नाही. १९ व्या वर्षी कुणाचं ठरलेलं असतं?

खरी पंचाईत रंगमंचावर होती. आवाज खोलीत घडलेला, आणि त्या वर्षी ती दुआ लिपाच्या दौऱ्यात मुख्य कार्यक्रमाआधी गात होती. मग लोलापालुझा हा महोत्सव, २०१९ मध्ये कोचेला महोत्सव, गायक खालिदचा दौरा. दुसऱ्याच्या नावानं तिकीट काढून आलेल्या हजारो लोकांपुढे कुजबुजत गाणं म्हणजे जवळजवळ शिक्षाच. ओळखीनं अशा जागा लवकर मिळतात, पण तिथे उभं राहून कसं गायचं ते शिकायला लागणारा वेळ ओळख कमी करू शकत नाही.

तिनं पुढे जे केलं ते मला तिच्या सुरुवातीच्या काळातलं सगळ्यात धीट वाटतं. ज्या कच्च्या आवाजानं तिला नाव दिलं तो तिनं सोडला. तेव्हा 'बेडरूम पॉप' हा शब्द जोरात होता, त्या नावाच्या प्लेलिस्ट निघत होत्या. आणखी दोन-तीन वेबकॅमचे व्हिडिओ खपले असते. त्याऐवजी ती लॉस एंजेलिसला रोस्तम बातमांगलीजकडे गेली. हा पूर्वी व्हॅम्पायर वीकेंड या बँडमध्ये होता, आणि जुन्या वाद्यांची आवड व संगणकावरची तोडमोड ही दोन्ही अंगं त्याच्याकडे आहेत. दोघांनी मिळून केलेला 'इम्युनिटी' २ ऑगस्ट २०१९ ला आला. 'प्रिटी गर्ल'ला तेव्हा दोन वर्षं होत होती.

'बॅग्ज' ऐका. ड्रमवर हाइम या बँडमधली डॅनिएल हाइम आहे. माणसाच्या हातचा ठेका येताच गाणं श्वास घेऊ लागतं. क्लेरोचा आवाज मात्र मोठा केलेला नाही. एरवी अशा मुलीला मोठ्या स्टुडिओत नेलं की आवाजाला झिलई चढवतात, मुखड्यावर वाद्यांचा मारा करतात. रोस्तमनं आवाज होता तिथेच ठेवला आणि त्याच्याभोवतीची जागा वाढवली. दोन मुलींमधली न बोललेली ओढ हा गाण्याचा विषय आहे, त्यामुळे तिथे ओरडणं शोभलंच नसतं.

अल्बमचं पहिलं गाणं 'एलवाइफ'. हे बॉस्टनच्या भुयारी रेल्वेतल्या रेड लाइनचं शेवटचं स्टेशन, कार्लाइलच्या बाजूनं शहरात शिरताना लागणारं. आठवीत असताना ती आत्महत्येच्या विचारापर्यंत पोचली होती आणि एका मैत्रिणीनं वेळीच मदत बोलावली, त्या रात्रीबद्दलचं हे गाणं. शेवटच्या गाण्यात लहान मुलांचा कोरस आहे. किशोरवयात जडलेल्या संधिवातामुळे दुसऱ्यावर अवलंबून राहण्याचे दिवस त्यात आले आहेत. गिटार वाजवणारीच्या सांध्यांना हा आजार, हे ऐकताना मनात राहतंच. 'प्लांट'च्या चर्चेत या दोन गाण्यांचा उल्लेख क्वचितच होतो.

'सोफिया' या गाण्याचं पुढे काय झालं तेही गमतीचं आहे. ते २०१९ मध्ये आलं आणि अल्बमातलं एक गाणं म्हणून राहिलं. २०२० मध्ये टिकटॉकवर पोरांनी त्यावर व्हिडिओ केले आणि ते बिलबोर्ड हॉट १०० या अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत शिरलं. दुसऱ्यांदा तेच झालं. लोकांनी उचललं आणि धंदा मागून पळत आला. योजनाबद्ध लागवड अशी असते का?

बारा गाण्यांचा हिशेब सांगायचा राहिला. 'डायरी'त ६, 'इम्युनिटी'त ११. म्हणजे फेडरकडून निघालेली गाणी दोन वर्षांतच बाराच्या वर गेली आणि संबंध चालू राहिला. २०२१ चा 'स्लिंग' फेडर आणि रिपब्लिक या दोन लेबलांच्या नावावर आहे. तो तर ठेका जवळजवळ सोडून दिलेला, संथ, लोकगीतांच्या अंगाचा अल्बम. कामासाठी आलेल्या बायकांच्या अंगावर संगीतधंद्यातल्या पुरुषांची नजर कशी खिळते, यावरचं 'ब्लाउज' त्यात आहे. २०२४ च्या जुलैमध्ये 'चार्म' आला तो तिनं स्वतःच्या लेबलवर काढला, आणि त्याला सर्वोत्कृष्ट ऑल्टरनेटिव्ह अल्बमचं ग्रॅमी नामांकन मिळालं. ग्रॅमी मात्र सेंट व्हिन्सेंट या गायिकेला गेलं. पाच-सहा अल्बमांच्या कलमाखाली पहिलीच सही झाली असती तर यातला तिसरा अल्बम असा निघाला नसता, असं माझं मत आहे. मोठं लेबल दुसऱ्या अल्बमनंतर 'पुन्हा ते वेबकॅमसारखं काहीतरी कर' म्हणालं असतं.

आता बॉय पाब्लो. तुलनेला इतकं जुळणारं उदाहरण मिळणं कठीण. वर्ष तेच, यूट्यूबची वाट तीच, वय साधारण तेच, घरगुती वाटणारं गाणं आणि साधासा व्हिडिओ. घर चिलीहून नॉर्वेत आलेल्यांचं. मोठ्या लेबलची सही त्यानंही केली नाही, बर्गनमधल्याच ७७७ म्युझिक या छोट्या लेबलवर तो राहिला. २०१८ मध्ये त्याची दुसरी ईपी आली, जगभर दौरे झाले. म्हणजे क्लेरोचा मार्ग वशिल्याशिवाय चालता येतो. त्याच्यावर 'प्लांट' असल्याचं बालंट आल्याचं माझ्या तरी वाचनात नाही. मात्र कॉरकोरन आणि रोस्तम यांच्यासारखी नावंही त्याच्या वाटेवर दिसत नाहीत. त्याचा पहिला पूर्ण अल्बम, 'वाचितो रिको', ऑक्टोबर २०२० मध्ये निघाला, 'इम्युनिटी'नंतर चौदा महिन्यांनी. कॉट्रिल घराण्याच्या ओळखीची किंमत आकड्यात मांडायचीच झाली तर मी हे चौदा महिने धरून सुरुवात करीन, आणि त्यातून कोविडचा वाटा वजा करीन.